बोटाच्या पुढे चार घरं

पत्र मला केंद्रप्रमुखांनी स्वतः वाचून दाखवलं. त्यांचा आवाज भारदस्त आहे, हे मान्य करायला हवं. रेडिओ केंद्रात चांगल्या आवाजाच्या माणसावर सहसा कोणी संशय घेत नाही. मीही घेतला नाही, ही माझी चूक.

मी या केंद्रावर सोळा वर्षं संध्याकाळी सातच्या बातम्या वाचते. मला जन्मापासून दिसत नाही. या दोन वाक्यांचा मेळ कसा बसतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एकदाच सांगते. माझ्यासमोर टेबलावर हातभर लांबीचं एक यंत्र असतं. त्याच्या पट्टीत चाळीस घरं आणि प्रत्येक घरात आठ बारीक टाचण्या. संगणकावर जो मजकूर असेल त्याप्रमाणे टाचण्या वर येतात आणि बोटाखाली ब्रेलची एक ओळ उभी राहते. ती वाचायची, अंगठ्याने कळ दाबायची, की जुन्या टाचण्या खाली, नव्या वर. ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही आणि कळायचं कारणही नाही.

गेल्या गुरुवारी बातमीच्या मधोमध सगळ्या टाचण्या एकदम खाली बसल्या. बोटाखाली नुसती गुळगुळीत पट्टी उरली. धरणातल्या पाणीसाठ्याची बातमी चालू होती. उरलेलं वाक्य मी अंदाजाने पुरं केलं, ‘बातम्या संपल्या’ म्हटलं, आणि नऊ मिनिटांचं बातमीपत्र पाचव्या मिनिटाला गुंडाळलं. पुढची चार मिनिटं बोक्याने वाद्यसंगीत लावून भरून काढली. बोका म्हणजे आमचा ध्वनितंत्रज्ञ. स्टुडिओत पावलं वाजू नयेत म्हणून तो मऊ बूट घालतो आणि कधी मागे येऊन उभा राहतो ते माझ्यासारखीलाही कळत नाही, म्हणून बोका.

यंत्र माझं स्वतःचं होतं. कंपनीने फोनवर सांगितलं की हे मॉडेल अकरा वर्षांपूर्वी बंद झालं, सुटे भाग नाहीत, नवं घ्या. केंद्रप्रमुख म्हणाले, नव्याचा प्रस्ताव वर पाठवू, पुढच्या वर्षी बघू. तोवर सोपा उपाय आहे, संगणक तुमच्या कानात वाचेल, तुम्ही मागोमाग बोला.

शुक्रवारी दुपारी मी तेही करून पाहिलं. डोक्यात एक बाई बोलतेय आणि तोंडात दुसरी. बोट शब्दाच्या पुढे जातं, वाक्य कुठे वळणार ते आधीच कळतं, त्याप्रमाणे श्वास घेता येतो. कानातली बाई मात्र मला मानगुटीला धरून फरफटत नेत होती. बोका काचेपलीकडून म्हणाला, “मॅडम, तुम्ही घाबरल्यासारख्या वाटताय.” मी घाबरले नव्हते. मला स्वतःचीच लाज वाटत होती. त्या संध्याकाळच्या बातम्या राखीव निवेदकाकडे गेल्या.

त्यानंतर तासाभरात ते पत्र आलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि वाचलं. येत्या मंगळवारपासून सातचं बातमीपत्र दुसऱ्या निवेदकाकडे. माझ्याकडे ‘श्रोत्यांची पत्रं’, तीही आधी ध्वनिमुद्रित करून. ती पत्रं मला कोणीतरी वाचून दाखवेल, मी त्यांना उत्तरं देईन. केंद्र माझं आभारी आहे. कागद चांगला जाड होता, वर केंद्राची उठावाची मुद्रा होती. साहेबांनी माझं बोट धरून तळाशी ठेवलं.

“इथे सही करा.”

“घरी घेऊन जाते.”

“आत्ता तर वाचून दाखवलं की!”

“हो. ऐकलं मी,” मी म्हणाले, आणि घडी करून पत्र पर्समध्ये टाकलं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. नुसतं बोट धरलेलं आवडलं नव्हतं.

आमच्या इमारतीत तळमजल्याला माझ्या धाकट्या जावेचं दुरुस्तीचं दुकान आहे. शिलाई मशीनच्या मोटरी, इन्व्हर्टर, गाड्यांचे चार्जर, जे बंद पडेल ते तिच्याकडे. घरात तिला सगळे फ्यूज म्हणतात. डोकं उडालं की उडालं, पण थोड्या वेळाने नवं बसवल्यासारखी पुन्हा हसायला लागते. खरं सांगायचं तर आमचं दोघींचं फार जमत नव्हतं. मला ती धांदरट वाटायची, तिला मी शिष्ट. जिन्यात भेटलो की ‘कशा आहात’, ‘बरी आहेस ना’, एवढ्यावर भागायचं. पण नवरा अजून घरी आला नव्हता आणि पत्र वाचायला डोळे हवे होते, म्हणून मी तिच्याकडे गेले.

तिने वाचलं.

“ताई, हे तुम्ही मागितलंत?”

“काय मागितलं?”

“इथे लिहिलंय ना. ‘हा बदल निवेदिकेच्या प्रकृतीच्या कारणास्तव आणि स्वतःच्या विनंतीवरून करण्यात येत आहे.’”

“कुठे लिहिलंय?”

“तिसरं वाक्य.”

साहेबांनी चार वाक्यं वाचली होती. फ्यूजने पाच वाचली.

मला साहेबांचा राग नंतर आला. आधी स्वतःचा आला. सोळा वर्षं मी अख्ख्या शहराला वाचून दाखवते, आणि माझ्या नाकासमोर टेबलावर ठेवलेल्या कागदातलं एक वाक्य कोणीतरी गिळून टाकतं, आणि मी पाणी पिऊन घरी येते! उद्या हीच माझी रोजची तऱ्हा होणार होती. लोक वाचतील, जेवढं त्यांना वाटेल तेवढं, आणि मी गोड आवाजात उत्तरं देईन.

“सही केलीत?” फ्यूजने विचारलं.

“नाही.”

“मग कागदोपत्री अजून काही बदललेलं नाही. सोमवारी ड्यूटी कुणाची?”

“माझी. शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी मीच. तक्ता लागलाय.”

“यंत्र कुठंय?”

“अगं, कंपनी म्हणते की—”

“कंपनीला काय विचारता? यंत्राला विचारू. आणा खाली.”

शनिवारी सकाळी तिने ते उघडलं. झाकण निघताच मला जळका, उग्र वास आला आणि मी तिच्या आधी म्हणाले, “डाव्या कोपऱ्यात.” तिथेच होतं. एक बोटभर कार्ड, काळं पडलेलं. तिने माझं बोट आतल्या एका घराच्या बाजूला नेलं, पण विचारून नेलं. तिथे एकाखाली एक नखाएवढ्या रुंदीच्या पातळ पट्ट्या होत्या.

“प्रत्येक टाचणीखाली एक पट्टी. पिएझो म्हणतात. वीज दिली की वाकते आणि टाचणी वर ढकलते. वीज काढली की सरळ. ना मोटर, ना चुंबक. पट्ट्या सगळ्या धडधाकट आहेत ताई, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकतील. फक्त त्यांचा तोरा मोठा. त्यांना दोनशे व्होल्ट लागतात, आणि संगणकाच्या पोर्टमधून येतात पाच. पाचाचे दोनशे करणारं कार्ड होतं, ते गेलं.”

“मग तू कर पाचाचे दोनशे.”

“हो, भाजी चिरायची आहे ना!”

“भिंतीतल्या प्लगवरून नाही घेता येणार?”

“आरामात. एक अडॅप्टर लावला की झालं.”

पण ते चालणार नव्हतं. वाचनाच्या टेबलावर भिंतीतली वीज आणायची नाही, हा बोक्याचा नियम. एकदा कोणीतरी दिव्याचा अडॅप्टर ठेवला होता, तर आठवडाभर माइकमध्ये गुणगुण येत होती. संगणकाच्या त्या एका पोर्टमधून जे मिळेल तेवढ्यावर निभवायचं होतं. पाच व्होल्ट, अर्धा अँपिअर. जास्त ओढलं तर पोर्ट रुसून बंद.

फ्यूजने भंगारातून जुना कॅमेरा काढला. फ्लॅश तयार होताना त्यातून बारीक चीं असा चढत जाणारा आवाज यायचा, तो अनेकांना आठवत असेल. तो आवाज म्हणजे हेच काम. छोट्या बॅटरीची वीज एका गुंडाळीत भरायची, झटकन तोडायची, की ती चवताळून वर उसळते. ते सेकंदाला हजारो वेळा करायचं आणि उसळलेलं गोळा करत राहायचं. असं तिने मला समजावलं, आणि समजावता समजावता नको तिथे हात लावला. “आई गं! मेल्या, मलाच?” असं ती त्या कार्डाला म्हणाली. पुढे दोन दिवस ती त्याच्याशी असंच बोलत होती.

दुपारी तीनला ती ओरडली, “आल्या! ताई, सगळ्या वर आल्या! तीनशेवीसच्या तीनशेवीस! मीटर बघा, दोनशे दाखवतोय!”

मी मीटर बघणार होतेच. मी बोट ठेवलं. पहिल्या घराच्या टाचण्या बोटाखाली मुकाट्याने खाली गेल्या. दुसऱ्या घराच्याही. हवा गेलेल्या उशीवरून हात फिरवावा तसं. दहाव्या-बाराव्या घरापाशी कुठे त्यांच्यात जीव आला.

“अगं, या मेलेल्या आहेत.”

“वर आहेत ताई, मला दिसतायत ना!”

“तुला दिसतायत. पण त्या माझ्या बोटाला उभ्या राहायला हव्यात.”

“मीटर दोनशे दाखवतोय!”

“मीटर बातम्या वाचत नाही. मी वाचते.”

ती फणफणली. पण चांगली कारागीर आहे. तिने कळ पुन्हा दाबली आणि या वेळी टाचण्यांकडे न बघता मीटरकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “तुमचं बरोबर आहे. कळ दाबली की दोनशेचे एकशेवीस होतात. परत चढायला पुरतं एक सेकंद लागतं.”

भानगड अशी होती. पट्टी एकदा वाकली की तशीच राहायला तिला फारसं काही लागत नाही. लागतं ते वाकतानाच. आणि ओळ बदलली की शेकडो पट्ट्या एकाच क्षणी वाकायला निघतात. सकाळी अख्ख्या इमारतीने एकदम नळ सोडला की आमच्या तिसऱ्या मजल्यावर जशी धार बारीक होते, तसं.

तिने मोठी टाकी लावून पाहिली, म्हणजे वीज साठवणारा मोठा कपॅसिटर. तो भरायला एवढं ओढायचा की संगणक ‘टुंग’ करून पोर्टच बंद करायचा. मग मोठी गुंडाळी लावली. ती इतकी किंचाळायची की खालच्या आळीतलं कुत्रं भुंकायला लागलं, आणि बोक्याने तर मला यंत्रासकट बाहेर काढलं असतं. नवरा दर दोन तासांनी आमच्या दोघींच्या मधे चहाचे कप ठेवून न बोलता निघून जात होता. शहाणा माणूस आहे.

रविवारी दुपारपर्यंत आम्ही दोघी थकलो होतो.

“ताई, मग ओळ संपली की एक सेकंद थांबत जा ना,” फ्यूज म्हणाली. “एका सेकंदाने काय होतंय?”

“एका ओळीत सहा शब्द मावतात. दर सहा शब्दांनी एक सेकंद गप्प बसले तर लोकांना वाटेल बाई गचकली.”

“मग माझ्याकडे दुसरा उपाय नाही! घ्या ते कानातलं! सगळं जग ऐकून काम करतं, तुम्हालाच काय एवढं सोनं लागलंय बोटाला?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “साहेब म्हणतात तेच तू म्हणतेस. फक्त त्यांचा आवाज बरा आहे,” असं म्हणून मी उठले आणि तीन मजले चढून वर आले.

राग आला की मी वाचते. कपाटातून ब्रेलचं जुनं जाड पुस्तक काढलं, मधलंच पान उघडलं आणि बोट फिरवायला लागले. काय वाचलं ते आठवत नाही. डोक्यात ते ‘सोनं लागलंय’ घुमत होतं. बोट ओळीच्या मध्यावर होतं आणि मी मनात तिच्याशी भांडत होते की, बाई गं, तुला काय कळतं ओळ म्हणजे काय... आणि तिथेच माझं बोट थांबलं. त्या क्षणी बोटाखाली एकच अक्षर होतं. त्याच्या उजवीकडे काय आहे ते मला माहीत नव्हतं. तिथे काही असेल किंवा नसेल, मला काय फरक पडत होता? बोट पोचेपर्यंत ती ओळ माझ्यासाठी नव्हतीच.

मी कठडा धरून जिना उतरले. इतक्या भरभर बहुतेक लहानपणी उतरले असेन.

“अगं, अख्खी ओळ एकदम कशाला वर आणतेस?”

“मग कशी आणू?” ती अजून फुगलेली होती. “ओळ म्हणजे ओळ. पडद्यावर एकदमच येते.”

“पडदा डोळ्यांसाठी असतो. माझं बोट एका वेळी एका घरात असतं. शेवटच्या घरापाशी मी अडीच सेकंदांनी पोचते. तोवर तिथे टाचण्या उभ्या करून कुणाला दाखवायच्यात?”

तिच्या हातातलं काहीतरी टेबलावर पडलं.

“थांबा. थांबा थांबा थांबा. म्हणजे पहिली चार घरं आधी उठवायची...”

“मग पुढची चार.”

“आणि उरलेली जुनीच राहू द्यायची, त्यांना हातच लावायचा नाही. एका वेळी चारच नळ!” ती टेबलावर थाप मारून हसली. “आणि मी दोन दिवस टाकी मोठी करत बसलेय! ताई, मला वाटायचं तुम्हाला बोट लावलं की अख्खी ओळ दिसते. आम्हाला दिसते तशी.”

“आणि मला वाटायचं तू दिवसभर इथे नुसती ठोकाठोक करतेस.”

“तीही करते.”

“मघाशी मी बोलले ते—”

“मीही बोलले. जाऊ दे. बसा इथे, तुमचा वेग मोजायचाय.”

यंत्राचा मेंदू आणि पट्टी यांच्या मधे तिने एक छोटी चिप बसवली. ओळ आली की ती चिप चार-चार घरांनी पुढे सोडायची. अंधार पडायच्या आत पहिली ओळ आली. मी अंगठ्याने कळ दाबली आणि बोट डावीकडे नेलं. टाचण्या ताठ होत्या. पुढे गेले, ताठ. माझ्या बोटाच्या पुढे चार घरं, टिपटिप टिपटिप करत, कोणीतरी फरशी टाकत चालल्यासारखं काहीतरी पळत होतं आणि मी त्यावरून चालत होते. “मीटर एकशेनव्वदच्या खाली येत नाहीये,” फ्यूज म्हणाली. माझे डोळे दिसायच्या कामाचे नाहीत, पण दुसऱ्या कामाला येतात. ते आले.

गुंडाळीची चीं उरली होती. ती घालवायला मीच मीटर झाले. फ्यूज वीज तोडायचा वेग चढवत गेली आणि मी सांगत गेले, “आहे... आहे... बारीक झाली... अजून आहे.” तिला केव्हाच ऐकू येईनासं झालं होतं. “गेली,” मी म्हणाले. गुंडाळी तिने चिकटवून घट्ट केली.

“एक लक्षात ठेवा,” ती म्हणाली. “चिपला तुमचा नेहमीचा वेग शिकवलाय. घाई केलीत तर बोट पुढे जाईल आणि मागच्या ओळीचं शेपूट हाताला लागेल.”

“सोळा वर्षांत मी नऊ मिनिटांची पावणेनऊ केलेली नाहीत.”

“मग झालं.”

“अजून एक काम कर. ते पत्र मला यंत्रात घालून दे. शब्दन्‌शब्द.”

सोमवारी साडेसहाला मी स्टुडिओत गेले. केंद्रप्रमुख दारातच होते. राखीव निवेदक छापील कागद घेऊन बाहेर बसला होता, कागदांची फडफड ऐकू येत होती.

“बाई, हे काय? घरी उघडलेलं यंत्र स्टुडिओत आणता येत नाही. आणि आपलं ठरलंय ना?”

“पत्रावर माझी सही नाही, साहेब. तक्त्यावर आजची ड्यूटी माझी आहे. आणि यंत्र चालेल की नाही ते आवाज सांभाळणारा ठरवेल.”

बोका कधी आला कळलं नाही. त्याने यंत्र पोर्टला जोडलं, माइक त्याच्याजवळ नेला, हेडफोन लावले. मी कळ दोनदा दाबली. बराच वेळ तो ऐकत होता.

“काही येत नाही,” तो म्हणाला. “भिंतीचा प्लग नाही, गुणगुण नाही. माझी हरकत नाही, साहेब.”

साहेब ‘हं’ म्हणाले आणि काचेपलीकडच्या खोलीत जाऊन उभे राहिले. तिथे सातच्या वेळी चार-पाच माणसं असतात. बातमी विभागाचे दोघे, राखीव निवेदक, बोका. स्टुडिओचं दार दबक्या आवाजात बंद झालं. टेबलावर संगणकातल्या बाईचे हेडफोन कोणीतरी माझ्यासाठी ठेवले होते. मी ते उचलून लांब सारले.

“मॅडम, लेव्हल द्या,” बोक्याचा आवाज आला. म्हणजे माइकची पातळी जुळवायला काहीही बोला. निवेदक आकडे म्हणतात, हवामान म्हणतात. हे प्रसारित होत नाही. फक्त काचेपलीकडे मोठ्या स्पीकरवर ऐकू येतं.

मी पत्र उघडलं आणि बातमीच्या आवाजात वाचायला लागले. पहिलं वाक्य. दुसरं वाक्य. मग तिसरं, ज्यासाठी मी तीन दिवस जगले होते: “हा बदल निवेदिकेच्या प्रकृतीच्या कारणास्तव आणि स्वतःच्या विनंतीवरून करण्यात येत आहे.” प्रत्येक शब्दाला त्याचं वजन दिलं. ते मला चांगलं जमतं, त्याचीच तर नोकरी आहे.

पलीकडून काही यायची वाट मी पाहिली नाही.

“साहेब, हे वाक्य त्या दिवशी वाचायचं राहिलं होतं,” मी म्हणाले. “मी अशी विनंती केलेली नाही. प्रकृती उत्तम आहे.”

साहेबांनी बहुतेक पलीकडून बोलायची कळ दाबली असावी, कारण त्यांचा श्वास ऐकू आला, पण शब्द आला नाही. मग बोका म्हणाला, “लेव्हल मिळाली, मॅडम. स्वच्छ आहे. तीस सेकंद.”

संगणकात बातम्या उघडून ठेवल्या होत्या, पण पट्टीवर मी अजून तिसऱ्या वाक्याचीच ओळ ठेवली होती. शेवटच्या घरांत ‘विनंतीवरून’. मी बोट डावीकडे आणलं. लाल दिवा लागताना बारीक टिक होते, ती झाली. मी कळ दाबली. पहिली चार घरं बदलली. “नमस्कार.” पुढची चार. “संध्याकाळचे सात वाजले आहेत.” माझ्या बोटापुढे टिपटिप करत नवे शब्द जुन्या पत्रावरून चालले होते. ‘प्रकृती’ गेली, ‘स्वतःच्या’ गेलं, आणि बोट शेवटच्या घरापाशी पोचलं तेव्हा तिथे विनंती नव्हती, आजच्या तारखेचा शेवट होता.

एकदा चुकणार होते. सहाव्या मिनिटाला ऐनवेळची बातमी आली, पुलाची, आणि छोटे छोटे शब्द असल्याने बोट पळालं. बोटाखाली मागच्या ओळीचं शेपूट लागलं. मी अर्धा श्वास थांबले, टाचण्या बोटाखालीच पालटल्या, आणि मी पुढे गेले. नंतर बोका म्हणाला की तो विराम छान घेतलात. मी त्याला खरं सांगितलं नाही. नऊ मिनिटं पुरी झाली तेव्हा मी ‘बातम्या संपल्या’ म्हटलं आणि त्या खरंच संपल्या होत्या.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पुन्हा पाणी दिलं. मी घेतलं नाही.

“बाई, झालं ते झालं. टाइप करणाऱ्याची चूक. यंत्र चालतंय तर प्रश्नच मिटला. सातच्या बातम्या तुमच्याच.”

“आणि पत्र?”

“ऑफिसची प्रत फायलीत होती. हे बघा, तुमच्यासमोर फाडतो.”

कागद फाटल्याचा आवाज आला. एकदा, मग दोनदा.

मी हात पुढे केला. “तुकडे द्या.”

“तुकडे? कशाला?”

“घरी वाचून घेते.”

मी हात पुढेच ठेवला. मला काही घाई नव्हती. मघाशी फाटला तो कागद पातळ होता, एका झटक्यात चर्रकन गेला होता, आणि त्याच्या जोडीचं माझ्या पर्समधलं पत्र चांगलं जाड होतं. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. बाहेरून फ्यूजचा आवाज येत होता, ती मला न्यायला आली होती आणि बोक्याला गुंडाळी कशी चिकटवली ते सांगत होती.

बऱ्याच वेळाने खुर्ची सरकली. ड्रॉवर उघडला. फाइलीची दोरी सुटली. या वेळी कागद फाटायला वेळ लागला आणि आवाज जाड आला. मग साहेबांनी तुकडे माझ्या हातावर ठेवले. सगळ्यात वरच्या तुकड्यावर बोटाला अर्धी मुद्रा लागली.